ओव्हनशिवायची कुकी : ‘जुनी’ म्हणजे नक्की किती जुनी?

आजचा भाग ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांसाठीच. पीजीत राहता, खोलीत एक इंडक्शन आहे, एक पातेलं आहे, आणि घरमालकाने मायक्रोवेव्हलासुद्धा नाही म्हटलंय. अशा सगळ्यांना सप्रेम.

डिसेंबर लागला की फोनवर एक ठरावीक व्हिडिओ फिरायला लागतो. पातेल्यात साखर, दूध, लोणी, कोको. उकळी येते. मग त्यात पीनट बटर आणि ओट्स पडतात, आणि चमच्याने गोळे कागदावर टाकले जातात. अर्ध्या तासात कुकी तयार. भाजायचं नाही, बेक करायचं नाही. वर मथळा असतो, ‘ओल्ड फॅशन्ड नो-बेक हॉलिडे कुकीज’, आणि खाली लिहिलेलं असतं की ही माझ्या आजीची रेसिपी, तिच्या आजीपासून चालत आलेली.

मला त्या ‘तिच्या आजीपासून’वर थांबावंसं वाटतं. पदार्थ अमेरिकेतला आहे आणि नाताळच्या सुट्टीत तिथे घरोघरी होतो, हे खरं. पण किती जुना? शंभर वर्षं? दीडशे? आपल्या कामात एखाद्या जुन्या प्रोग्रॅमवर तारीख नसेल तर काय करतो? तो कुठल्या लायब्ररीच्या कुठल्या व्हर्जनवर चालतो ते बघतो. ती लायब्ररी ज्या वर्षी आली त्याच्या आधीचा तो असूच शकत नाही. रेसिपीचंही तसंच करता येतं. साहित्याची यादी हीच तिची जन्मपत्रिका.

तर पातेल्यातल्या पहिल्या चार गोष्टी घेऊ. साखर, दूध, लोणी, चॉकलेट, एकत्र उकळलेलं. हे म्हणजे फज. आपल्या भाषेत सांगायचं तर चॉकलेटची बर्फी. आणि या फजची गोष्ट फार मस्त आहे, कारण ती हॉस्टेलची गोष्ट आहे.

न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी नावाचं गाव आहे. तिथे १८६१ साली व्हॅसर नावाचं मुलींचं कॉलेज स्थापन झालं. एमेलिन बॅटर्सबी हार्टरिज नावाची एक विद्यार्थिनी तिथे शिकत होती. तिने नंतर एका पत्रात लिहून ठेवलंय की १८८६ साली बाल्टिमोरमध्ये फज ४० सेंट पाउंड भावाने विकलं जात होतं. तिने ती कृती मिळवली, आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या सीनियर ऑक्शनसाठी तब्बल ३० पाउंड फज केलं. म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. एका मुलीने. आपण ऑफिसच्या पॉटलकला दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली नेतो.

मग ते वेड वेलस्ली, स्मिथ अशा इतर मुलींच्या कॉलेजांत पसरलं. आता या मुली ते शिजवत कशावर असतील? खोलीत चूल नाही, ओव्हन तर नाहीच. खोलीत होता गॅसचा दिवा. उजेडासाठी दिलेला! त्या दिव्याच्या ज्योतीवर, नाहीतर स्पिरिटच्या छोट्या शेगडीवर, रात्री दहानंतर दिवे मालवायचा नियम मोडून हे उद्योग चालायचे. हॉस्टेलात इस्त्री उलटी करून त्यावर मॅगी करणाऱ्यांनी समजून घ्यावं की आपली परंपरा कुठवर जाते.

बाहेरच्या जगात त्या वेळी ओव्हन होते की, असं तुम्ही म्हणाल. होते. बिडाचे, लाकडावर नाहीतर कोळशावर पेटणारे. पण त्यांना तापमानाचं बटण नव्हतं. बाई ओव्हनमध्ये हात घालायची आणि किती आकडे मोजेपर्यंत चटका सहन होतो यावरून आच ठरवायची. अमेरिकेत ओव्हनची आच आपोआप राखणारा ‘लोरेन’ नावाचा रेग्युलेटर आला तो १९१५ साली. त्याआधी कुकी बेक करणं म्हणजे अनुभवाचं काम होतं, आणि जळलं तर लोणी-साखर वाया. पातेल्यातला पाक मात्र डोळ्यांसमोर असतो. चमच्याने बघता येतो, बोटाने तपासता येतो. ओव्हन न वापरण्याचं कारण फक्त गरिबी किंवा आळस नव्हतं. पातेल्यावर बाईचा ताबा राहायचा, बंद दारामागच्या ओव्हनवर राहायचा नाही.

ठीक. पातेल्याचा अर्धा भाग झाला. आता ओट्स.

इथे खरी गंमत आहे. आधीचे रोल्ड ओट्स जाड असायचे, ते शिजवावेच लागायचे. नुसत्या गरम पाकात टाकले तर चावताना जबडा दुखेल. क्वेकर कंपनीने ‘क्विक ओट्स’ बाजारात आणले १९२२ साली. दाणे आधी कापायचे, मग वाफवून पातळ दाबायचे, म्हणजे दोन-चार मिनिटांत मऊ होतात. नो-बेक कुकी पूर्णपणे याच गोष्टीवर उभी आहे. ओट्स पातेल्यात शिजत नाहीत, गॅस बंद केल्यावर नुसत्या पाकाच्या उष्णतेवर नरम पडतात. पीनट बटरचंही तसंच. ज्याच्यावर तेल तरंगत नाही, जे महिनोन्‌महिने कपाटात टिकतं, असं पीनट बटर अमेरिकेत १९२० च्या दशकात आलं.

म्हणजे आज जशी करतात तशी ही कुकी १९२२ च्या आधीची असू शकत नाही. तिच्या आजीची असेल, पण आजीच्या आजीची नाही. ती फजची मुलगी आहे असं म्हणा. हॉस्टेलच्या चॉकलेट वडीत कुणीतरी ओट्स टाकले.

ते कुणीतरी कोण, हा पुढचा प्रश्न. इंटरनेटवर दोनच उत्तरं मिळतात. एक, एखादी प्रेमळ आजी. दोन, एखादी चलाख कंपनी, जिने माल खपवायला डब्यामागे रेसिपी छापली. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात, कारण मधली एक बाई दोघांतही गायब आहे.

तिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल. एलेन स्वॅलो रिचर्ड्स हे नाव इंजिनिअर मंडळींनी तरी लक्षात ठेवायला हवं. एमआयटीत शिकलेली पहिली स्त्री, १८७३ सालची पदवीधर, रसायनशास्त्रज्ञ. पाण्याच्या शुद्धतेवर तिचं मोठं काम आहे. तिने आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी १९०८ मध्ये अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन सुरू केली. आपल्याकडे ‘होम सायन्स’ म्हटलं की लोक हसतात, लग्नाआधीचा टाइमपास समजतात. पण त्या काळात विज्ञान शिकलेल्या मुलीला प्रयोगशाळेत कुणी घेत नव्हतं, तेव्हा हा रस्ता तिने उघडून दिला. या मुली पुढे पीठ, साखर, स्टोव्ह, धान्य बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी-स्वयंपाकघरांत नोकरीला लागल्या. कप म्हणजे नक्की किती, चमचा सपाट की शिगोशिग, उकळी किती मिनिटं, हे सगळं मोजून-मापून त्यांनी लिहिलं. आणि डब्यावर नाव छापलं गेलं कंपनीचं.

मिल्ड्रेड डे ही त्यातली एक. आयोवा स्टेटमधून १९२८ साली होम इकॉनॉमिक्सची पदवी घेतलेली. त्याच वर्षी केलॉग्ज कंपनीने राइस क्रिस्पीज बाजारात आणले, आपल्या कुरमुऱ्यांचे गोरे चुलतभाऊ. मिल्ड्रेड केलॉग्जमध्ये काम करत होती. १९३९ साली तिने आणि मलिटा जेन्सन या सहकारी स्त्रीने वितळलेलं लोणी, मार्शमॅलो आणि राइस क्रिस्पीज एकत्र करून वड्या थापल्या. कॅम्प फायर गर्ल्स ही मुलींची संघटना निधी गोळा करत होती, त्यासाठी. मुलींनी दारोदार जाऊन विकायच्या तर रेसिपी अशी हवी की लहान मुलीही करू शकतील आणि काहीही जळणार नाही. इथे ‘ओव्हन नको’ ही डिझाइनचीच अट होती. पुढे ती कृती डब्यांवर छापली गेली आणि घराघरांत गेली. तयार वड्यांची पाकिटं कंपनीने विकायला काढली तेव्हा १९९५ उजाडलं होतं. मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ती रेसिपी खरोखरच आज्यांची झाली. गुळाचा पाक करून कुरमुऱ्यांचे लाडू वळणाऱ्या आपल्या आज्यांना ती बघून ‘यात नवीन काय’ असं वाटेल, तो भाग वेगळा.

आता युद्ध. ही नो-बेक कुकी दुसऱ्या महायुद्धातल्या काटकसरीतून जन्मली, असं अनेक ठिकाणी अगदी ठामपणे लिहिलेलं सापडतं. ऐकायला छान वाटतं. टंचाई, रेशन कार्ड, जुगाड करणारी गृहिणी. पण जरा हिशोब करू या.

अमेरिकेत साखरेचं रेशनिंग मे १९४२ मध्ये सुरू झालं. रेशनवर गेलेला हा पहिला खाद्यपदार्थ आणि रेशनमधून सुटलेलाही शेवटचा, जून १९४७ मध्ये. वाटा साधारण माणशी आठवड्याला अर्धा पाउंड. म्हणजे २२७ ग्रॅम. त्यातच चहा-कॉफी, त्यातच सगळं. आणि आपल्या कुकीच्या रेसिपीत साखर किती? २ कप. म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. दोन माणसांचा जवळजवळ आठवडाभराचा कोटा, तीन डझन छोट्या गोळ्यांसाठी! वर अर्धा कप लोणी, आणि १९४३ पासून लोणीसुद्धा रेशनवर होतं. अंडी वाचतात, मैदा वाचतो, ओव्हनचं इंधन वाचतं, हे सगळं मान्य. पण ज्या गोष्टीची सर्वांत जास्त ओढाताण होती तीच इथे मूठमूठ लागते. काटकसरीची रेसिपी अशी नसते. त्या वर्षांतल्या काटकसरीच्या गोडात कॉर्न सिरप असायचं, मध असायचा, मळी असायची.

माझा कल असा की ही कुकी टंचाईची नाही, टंचाई संपल्याची आहे. पाच वर्षं साखर मोजून वापरल्यावर ज्या बाईला अचानक हवी तेवढी मिळायला लागली, तिच्या हाताने टाकलेले ते २ कप आहेत. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन वर्तमानपत्रांत, शाळांच्या आणि चर्चच्या रेसिपी पुस्तिकांत ही कुकी सर्रास दिसायला लागते, ते याच्याशी जुळतं. एका कुणाच्या नावावर ती नाही. ‘बॉइल्ड कुकीज’ म्हणजे उकडलेल्या कुकीज, हे एक नाव. रंग-आकारावरून ‘काऊ पॅटीज’ असंही म्हणतात. हो, शेणाच्या गोवऱ्या. गावाकडची विनोदबुद्धी सगळीकडे सारखीच.

पण मला सर्वांत आवडलेलं नाव अॅपलेशियन डोंगराळ भागातलं, ‘प्रीचर कुकीज’. गोष्ट अशी सांगतात की पाद्रीबुवा डोंगर चढून घराकडे येताना लांबून दिसले की बाईने पातेलं चढवायचं. ते दारात पोहोचेपर्यंत कुकी तयार. लोककथाच ती, तिच्यात तारखा शोधू नयेत. पण ती कथा का टिकली ते बघा. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या दहातल्या नऊ घरांत वीज नव्हती. लाकडाचा ओव्हन पेटवून तापायला वेळ लागायचा, आणि पाहुणा सांगून येत नसतो. आपल्याकडे पाहुणा दिसला की पोहे भिजतात, तिथे साखर उकळायची.

आता सुट्टीतल्या डब्यातली दुसरी कुकी, रम बॉल किंवा बर्बन बॉल. हिचं मूळ केंटकीत सांगतात. फ्रँकफर्ट गावातल्या रूथ हॅनली आणि रेबेका गूच या दोन बदली शिक्षिकांनी १९१९ साली ‘रेबेका रूथ’ नावाचं कँडीचं दुकान टाकलं. शिकवणं सोडून स्टार्टअप, शंभर वर्षांपूर्वी! त्यातल्या रूथने १९३८ साली बर्बन घातलेली चॉकलेट कँडी सिद्ध केली. घरगुती व्हर्जनमध्ये व्हॅनिला बिस्किटांचा चुरा, अक्रोडासारखा पिकॅन, कोको, थोडं सिरप आणि दारू एकत्र मळून गोळे वळतात, पिठीसाखरेत घोळवतात आणि डब्यात आठवडाभर मुरू देतात.

यातही बेकिंग नाही. पण बिस्किटाचा चुरा आला कुठून? ती बिस्किटं कुणीतरी भाजलीच की, कारखान्यात. मार्शमॅलोत साखरेचा पाक आधीच झालेला असतो. कंडेन्स्ड मिल्कमध्ये दूध आटवलेलं असतं. गेल बॉर्डनने त्याचं पेटंट १८५६ मध्येच घेतलं. ‘नो-बेक’ म्हणजे भाजलंच नाही असं नसतं. भाजण्याचं किंवा आटवण्याचं काम दुसऱ्याच्या भट्टीवर ढकललेलं असतं. आपण लायब्ररी इम्पोर्ट करतो आणि म्हणतो, बघा, चारच ओळींत प्रोग्रॅम झाला.

आणि दुसऱ्याची भट्टी म्हटलं की आपलीच आठवण येते. महाराष्ट्रात घरी ओव्हन नसायचा, तरी घरची नानखटाई असायचीच. रवा, मैदा, तूप, साखर घरून न्यायची, गल्लीतल्या बेकरीत रांग लावायची आणि पत्र्याचे डबे भरून घरी आणायचे. घरच्या कुणाला विचारा, तो वास अजून सांगतील. ती ‘घरची’ नानखटाई बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजलेली असायची आणि त्याने तिचं घरपण अजिबात कमी होत नव्हतं.

गोव्यात तर नाताळचाच प्रश्न. तिथे पाव भाजणारा पोदेर होता, भट्टी त्याची. घरात चूल. त्यामुळे नाताळात शेजाऱ्यांना वाटायचं जे ताट असतं, कुस्वार, त्यातले बरेच पदार्थ चुलीवरचे आहेत. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास घोटून केलेला दोदोल. चणाडाळ आणि नारळाचं दोस. पेरूचा पेराद. तळलेल्या नेवऱ्या. पोर्तुगीजांच्या देशातून आलेला सण, पण हात, चूल आणि नारळ इथला. व्हॅसरच्या मुलींना गॅसच्या दिव्यावर जे करावं लागलं ते गोव्यातल्या बाया चुलीवर करत होत्या. फरक एवढाच की दोदोलला दंडातली ताकद लागते. तो करून बघा आणि मग जिमचं बोला.

आता करायची कशी ते सांगतो. व्हिडिओंच्या खाली सर्वांत जास्त तक्रार एकच असते, ‘माझ्या कुकीज सेटच झाल्या नाहीत, चमच्याने खाल्ल्या’ किंवा याच्या उलट, ‘भुगा झाला’. अमेरिकन रेसिपी म्हणते ‘एक मिनिट उकळा’. नेमका कधीपासूनचा मिनिट, ते कळत नाही. आपल्याला मात्र यासाठी शब्द आहेत. हा साधा पाकाचा मामला आहे. साखरेच्या पाण्यातलं पाणी जसं उडतं तसं त्याचं तापमान १०० अंशांच्या वर चढत जातं. ११२ ते ११६ अंशांच्या आसपास तो पाक थंड पाण्यात टाकला की मऊ गोळी होते. गोळीबंद पाक! रव्याच्या लाडवाला एकतारी, वडीला गोळीबंद, हे ज्या घरात बोटाने ठरतं तिथे थर्मामीटर लागत नाही. या कुकीला गोळीबंदच्या किंचित अलीकडचा पाक हवा. कमी राहिला तर पाणी उरतं आणि कुकी चिकट राहते. जास्त झाला तर साखर पटकन दाणेदार होते आणि भुगा पडतो.

तर जाड बुडाच्या पातेल्यात २ कप साखर, पाव कप कोको, अर्धा कप दूध, अर्धा कप लोणी. कोको आणि साखर आधी कोरडंच मिसळा म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. लोणी अमूलचं खारं असेल तर वेगळं मीठ नको. मध्यम आचेवर ढवळत राहा. कडेला बुडबुडे आले म्हणून घड्याळ लावू नका. चमच्याने ढवळलं तरी उकळी मोडत नाही, पूर्ण पृष्ठभागावर फुगे येतात, तेव्हा मिनिट सुरू. मिनिट झाला की आच बंद. इंडक्शन असेल तर पातेलं खाली उतरवा. लगेच अर्धा कप पीनट बटर, चमचाभर व्हॅनिला, ३ कप क्विक ओट्स. पाकिटावर ‘क्विक’ किंवा ‘इन्स्टंट’ लिहिलेलं बघून घ्या, जाड ओट्स घेऊ नका. भराभर कालवा आणि बटर पेपरवर चमच्याने गोळे टाका. बटर पेपर नसेल तर तूप लावलेलं ताट चालतं, आपल्या वड्या काय कागदावर थापतात का? अर्ध्या तासात सेट होतात.

साखर २ कपांवरून दीडवर आणायचा मोह होईल, मलाही होतो. आणता येते, पण मग ओट्सही त्या मानाने कमी करा, नाहीतर बांधणीला पाकच पुरत नाही. आणि मुंबई-कोकणात हे पावसाळ्यात करायला जाऊ नका, हवेतला ओलावा साखर शोषते आणि गोळे पाझरायला लागतात. डिसेंबर उत्तम.

केल्या तर फोटो पाठवा. गोवऱ्यांसारख्या दिसल्या तरी पाठवा. पुढच्या भागात पोदेराच्या भट्टीवर बोलू, गोव्यातून मुंबईत पाव कसा आला त्याबद्दल. भेटू!